ताट कोणापर्यंत पोंचलें?



गेल्या आषाढांत पंढरपुरास निघालेली एक वृद्ध वारकरीण आमच्या ओट्यावर टेकली व तिनें पाणी मागितलें. मीं पाणी दिलें, परंतु त्याबरोबर मूर्तिपूजेवर लांबलचक उपदेशही दिला. तिनें तो शांतपणें ऐकून घेतला, आणि निघतांना आपल्या शिदोरींतली अर्धी भाकर माझ्या लेकराच्या हातीं ठेविली. त्या दिवशीं खरा उपदेश कोणी केला, हें मला रात्रीं उमगलें.

आपल्यांतले कांहीं जण नैवेद्य पाहून विचारतात, 'देव का जेवतो?' आणि वारी पाहून म्हणतात, 'देव का एकाच गांवीं राहतो?' परंतु त्या चालींचा गाभा निराळा आहे. नैवेद्य म्हणजे निवेदन केलेलें अन्न. 'हें माझें नव्हे, तुझें आहे,' असें घरधनी जेवणापूर्वीं कबूल करितो. मग तेंच ताट प्रसाद होऊन परत येतें, आणि प्रसाद एकट्यानें खाण्याची रीत नाहीं. तसेंच आळंदीहून पंढरपुरापर्यंत सुमारें २५० किलोमीटर पायीं चालतांना वारकरी घर, मान व सोय मागें ठेवितो, आणि वाटेंत लहानथोर एकमेकांच्या पायां पडतात.

सोळाव्या शतकांतील पैठणच्या एकनाथांविषयीं दोन कथा परंपरेनें चालत आल्या आहेत. श्राद्धाच्या अन्नाच्या वासानें दाराशीं थांबलेल्या भुकेल्या अस्पृश्यांस त्यांनीं तें अन्न ब्राह्मणांच्या आधीं वाढिलें. आणि काशीची गंगा कावडीनें रामेश्वरास नेतांना, तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडीं तें पाणी ओतिलें. सोबत्यांस वाटलें, यात्रा फुकट गेली. नाथांच्या लेखीं ती तेथेंच पोंचली.

हा गाभा हरपला कीं विधि पोकळ होतो. चोखामेळ्यासारख्या भक्तास पंढरीच्या मंदिराबाहेर राहावें लागलें. त्या मंदिराचीं दारें अस्पृश्य मानिलेल्या बंधूंस उघडावीं म्हणून मे १९४७ मध्यें सानेगुरुजींस उपोषण करावें लागलें. शेंकडों वर्षें नैवेद्य आंत पोंचत होता; शेजारी मात्र बाहेर उभा होता.

परंतु हें वाचून आपण समाधान मानूं नये. कापणीच्या सणास आपणही धान्याची पाटी वेदीपुढें ठेवितों. आपला भाऊ आपल्यावर रुष्ट असेल, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. आणि आपल्यांतील कित्येक प्रभुभोजनास एकत्र बसतात, पण सोयरीक ठरवितांना व पाणी पितांना जुनी जात पाहतात. मग आपली पाटी तरी कोठें पोंचते?

येत्या रविवारीं उपासनेस येतांना वाट थोडी वांकडी करा. ज्याच्या उंबऱ्यावर आपण वर्षानुवर्षें पाय ठेविला नाहीं, त्याच्या घरीं आधीं जा, आणि तेथें पाणी मागून प्या. अर्पण मग आणा. प्रभु आपणां सर्वांस तें बळ देवो. आमेन.