मालकाची सुट्टी आणि मजुराचे मत

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या सडकेवर अभनपूर लागते. राजिमचा फाटा येथूनच फुटतो. भोवताली धानाची शेती, आणि तिच्या जोडीने भातगिरण्या. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी येथे विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा नवे धान येण्याचे दिवस होते. परिचयातील एक गिरणीमालक पुढे मला म्हणाले, “सुट्टी दिली, मजुरी दिली, मतदानाला जायला ट्रॅक्टरही दिला. मालकाने याहून काय करावे?”

कायद्यापुरते पाहता त्यांनी मागितल्याहून अधिकच केले होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली घातलेले एक कलम सांगते की, मतदार असलेल्या कामगारास मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावी, तिच्यापायी वेतन कापू नये, आणि रोजंदारीवरील माणसासही त्या दिवसाची मजुरी द्यावी. हे मोडणाऱ्या मालकास दंड पाचशे रुपयांपर्यंत. तांदळाच्या एका पोत्याची किंमतही याहून अधिक भरेल! शिवाय ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा भरीव नुकसान संभवते, त्यास हे कलम लागू नाही. नुकसान भरीव की किरकोळ, हे प्रथम ठरवणार अर्थात मालकच. बॉयलरजवळच्या माणसाची अडचण खरी आहे; पण पाळी बदलून त्यालाही दोन तास मोकळे करता येते.

मला खटकला तो ट्रॅक्टर. उमेदवाराच्या संमतीने मतदारांना फुकट वाहन पुरवणे हा कायद्याने भ्रष्टाचार ठरतो. या गृहस्थांचा तसा काही संबंध नव्हता, त्यांनी कोणाचे नावही उच्चारले नव्हते. परंतु मालकाचा कल कोणीकडे, हे गिरणीतील पोरासोरांनाही ठाऊक असते. खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण आपल्या रक्तात भिनलेली आहे आणि ती वाईट म्हणवत नाही. मात्र मतपेटी ही अशी एकच जागा आहे की जेथे मिठाला न जागण्याची मुभा माणसास असली पाहिजे. इंग्लंडात १८७२ साली गुप्त मतदान आले, त्यामागे जमीनदार आणि मालक यांच्या दडपणाचाच प्रश्न होता. तेथे भीती होती ती रोषाची. उपकाराचे दडपण त्याहून सूक्ष्म. त्याविरुद्ध तक्रार तरी कोणाकडे करावी? म्हणून मी त्यांना म्हटले, वेळ द्या, मजुरी द्या आणि बाजूला व्हा. त्यांना ते फारसे रुचले नाही.

पण हे सारे गावात असलेल्यांसाठी. छत्तीसगडातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी परप्रांतीच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. ७ मे २०२४ रोजी रायपूरला लोकसभेचे मतदान झाले, तो काळ भट्ट्यांचाच. आपल्याकडे त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता. ज्याचे नाव शेकडो मैलांवरच्या यादीत आहे, त्यास एका दिवसाची रजा काय कामाची? त्याला हवे परतीचे भाडे, चार दिवसांची मोकळीक आणि ते दिवस उचलीच्या हिशेबात न धरण्याचा शब्द. यातले काहीही ते कलम मालकाकडे मागत नाही.

आणि आपण? बदलीच्या गावी राहणाऱ्यास तेथील यादीत नाव घालता येते. तरी आपल्यापैकी अनेकांची नावे अजून पुण्या-नागपुरातच पडून आहेत. त्याहून अवघड गोष्ट ही की, आपणही मालक आहोत. कायद्याच्या त्या कलमात व्यवसाय आहे, धंदा आहे, उद्योग आहे. घराचा उल्लेख नाही. त्या मे महिन्यात, मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकाच्या बाईंनी “उद्या किती वाजता येऊ?” असे विचारले, तेव्हा गिरणीमालकास उपदेश करणाऱ्या मला ध्यानात आले की, त्यांना उद्या सुट्टी आहे हे सांगायचेच राहिले होते.

परवा आल्या तेव्हा बोटावर शाई होती. पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मी चहाबरोबर गिळला.