लक्ष्मी आणि केरसुणी

गेल्या दिवाळीतील गोष्ट. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. पाटावर चोपडी, लाह्या-बत्तासे मांडून झाले होते. बाजारातून आणलेली नवी केरसुणी (आमच्या जालन्याकडे तिला फडा म्हणतात) हळदकुंकू लावून पाटाशेजारी ठेवली होती. एवढ्यात शेजारचे गृहस्थ आले. चेहऱ्यावर सणाची कळा नव्हती.

"सर, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. आता आमच्या पोरीला तुम्हीच समजावून सांगा," ते म्हणाले.

त्यांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात इतिहास घेऊन एम. ए. करीत होती. तिने तेथे 'कमवा व शिका' योजनेत नाव घातले होते आणि वाट्यास काम आले होते ग्रंथालयाचे. परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावायची, फळ्या पुसायच्या. महिनाअखेर जे थोडे पैसे हाती पडत त्यांत तिची खानावळ निघे. कोणा पाहुण्याने तिला हातात फडके घेतलेली पाहिले आणि ती वार्ता घरी आणली.

"बदनापूरकडं आमची मोसंबीची बाग होती, तेव्हा दहा माणसं आमच्याकडं कामाला होती," गृहस्थ सांगू लागले. "२०१२ च्या दुष्काळात बाग वाळली, हे खरं. पण म्हणून पोरीनं तिथं पुसायला लागावं?"

मुलगी मागोमाग आलीच होती. मी तिलाच विचारले, "काय शिकलीस तिथे?"

तिने जरा विचार केला. "काका, एकदा घाईत एक पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवलं. बाहेरगावचा एक विद्यार्थी तेच पुस्तक पाहायला आला होता. यादीत पुस्तक आहे, फळीवर नाही. दोन दिवस तो थांबला. तिसऱ्या दिवशी मीच ते शोधून काढलं. परीक्षेत मी चुकले तर माझे गुण जातात. इथं मी चुकले आणि दोन दिवस त्याचे गेले."

मी आयुष्यभर वर्गात उभा राहून जबाबदारी या विषयावर बोलत आलो. परंतु इतकी नेमकी व्याख्या मला कधी सुचली नव्हती. विद्यार्थ्याचे जीवन हे एका अर्थी फार सुरक्षित जीवन असते. तेथील चूक ज्याची त्याच्यापाशी राहते. कामात पडलेल्या माणसाची चूक मात्र उंबरठा ओलांडून दुसऱ्याच्या घरी जाते. कचेरीत आवक-जावक नोंदणारा विद्यार्थी असो, प्रयोगशाळेत काचनळ्या धुणारा असो, की बागेत रोपांना पाणी घालणारा असो, आपल्या हातावर कोणीतरी विसंबून आहे, हा धडा त्याला कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडत नाही. वक्तशीरपणा, अनोळखी माणसाशी बोलण्याची रीत, हिशेब ठेवण्याची सवय ही सारी कौशल्ये त्या एका धड्याची लेकरे होत.

हे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांना ते पटलेही असावे. ते गेल्यावर मी मात्र पाटाशेजारच्या त्या फड्याकडे पाहत बसलो. कारण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

१९७२ चे साल होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. पावसाने पाठ फिरवली होती, विहिरी आटल्या होत्या, जनावरे मिळेल त्या भावाने विकली जात होती. वडील (त्यांना आम्ही दादा म्हणत असू) दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. मी कॉलेजात होतो. फी माफ झाली होती. जेवणाखर्चासाठी वाचनालयाची खोली उघडण्यापूर्वी झाडून काढण्याचे काम प्राचार्यांनी मला दिले होते. त्या कामाला काही योजना म्हणतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

एके सकाळी दादा मिलोच्या भाकरी फडक्यात बांधून मला भेटावयास आले. दारात त्यांची सावली पडताच मी हातातला फडा दाराआड टाकला आणि समोरचे पुस्तक उचलले. त्यांनी ते पाहिले. काही बोलले नाहीत. भाकरी दिल्या, घरचे वर्तमान सांगितले. निघताना दाराआडून तो फडा काढला, भिंतीशी आडवा ठेवला आणि त्याला हात लावून तो हात कपाळी नेला.

"लक्ष्मी हाय ती," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता: "पण म्या तिकडं खडी फोडायलो, ते तू हे धरावं म्हणून नव्हं."

ही दोन वाक्ये मला आजवर सोडीत नाहीत. एकाच माणसाच्या तोंडून, एका दमात, श्रमाची पूजाही निघाली आणि श्रमाचा नकारही निघाला. यांतले खरे कोणते? मला वाटते, दोन्ही खरी होती, आणि या साऱ्या प्रश्नाची गाठ तेथेच आहे.

पहिल्या वाक्याची बाजू कर्मवीर भाऊराव पाटलांनी आयुष्यभर लढविली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपापले काम आपल्या हातांनी करीत. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली साताऱ्यात कॉलेज उभे राहिले, तेव्हा स्वावलंबनाचे हेच तत्त्व उच्च शिक्षणातही आले. आज आपल्या विद्यापीठांतून चालणाऱ्या 'कमवा व शिका' योजनांचे मूळ तेथे आहे. भाऊरावांचे मर्म माझ्या मते असे, की त्यांनी मुलाला अन्न दिले, पण ते अन्न उपकाराचे होऊ दिले नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपरा आपल्याकडे जुनीच होती. परंतु तेथे जेवणाऱ्याची मान खाली असे. स्वतः पाणी भरून, भाकरी थापून जेवणाऱ्याची मान खाली घालण्याचे कारण नव्हते.

दूर अमेरिकेतही अशीच एक केरसुणीची कथा आहे. गुलामगिरीत जन्मलेला बुकर टी. वॉशिंग्टन हा मुलगा १८७२ साली, म्हणजे माझ्या त्या सकाळच्या बरोबर शंभर वर्षे आधी, हॅम्प्टनच्या शाळेच्या दारी येऊन पोचला. बराचसा प्रवास त्याने पायीच केला होता. मुख्य शिक्षिकेने प्रवेशपरीक्षा म्हणून त्याला एक खोली झाडावयास सांगितली. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण नव्हता. त्याला प्रवेश मिळाला, आणि पुढे रखवाली-झाडलोट करूनच त्याने आपला खर्च भागविला. ही कथा वाचून डोळे पाणावतात. पण दुसरा एक कृष्णवर्णी विद्वान, ड्यू बॉइस, याने १९०३ साली वॉशिंग्टन यांच्या धोरणावर कठोर टीका केली. हाताच्या कामाचे शिक्षण देत राहाल आणि उच्च विद्येची व हक्कांची दारे बंद ठेवाल, तर मुक्त झालेला माणूस पुन्हा तेथेच जाऊन पडेल, असा तिचा आशय होता.

दादांचे दुसरे वाक्य याच जातीचे होते. आपल्या देशात तर ते अधिकच खोल जाते. जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, आणि १९५० मध्ये औरंगाबादला त्यांनी कॉलेज काढले ते या मुलखातील पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या मुलांच्या हाती विद्या यावी म्हणून. ज्याच्या सात पिढ्यांच्या हातून केरसुणी सुटली नाही, त्याच्या मुलाला कॉलेजातही श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन ऐकवून तीच हाती देणे याला शिक्षण म्हणता येणार नाही. प्रतिष्ठेचा पाठ ज्यांना द्यावयाचा ते दुसरेच असतात.

म्हणून मला 'कमवा व शिका' या तीन शब्दांतील मधला 'व' सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काम विद्येच्या शेजारी असावे, विद्येच्या जागी नसावे. अभ्यासाचे तास खाऊन टाकील इतके ते नसावे. त्यात विद्यार्थ्याची समज वाढावी. संस्थेची मजुरी वाचावी एवढाच त्याचा हेतू नसावा. आणि शेवटची अट माझ्या मते सर्वांत अवघड आहे: काम फक्त गरिबानेच करावयाचे नसावे. अमेरिकेतील बेरिया नावाच्या कॉलेजात शिकवणीचे शुल्क मुळीच घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते. जेथे सर्वांच्याच हातात फडके असते तेथे ते कोणाच्या गरिबीची निशाणी राहत नाही. आपल्याकडे अशा कामाकडे गरजूच वळतो. मग पाहुणे ती वार्ता घरी नेतात आणि बापाचा सण कडू होतो. वेतन गरजूलाच द्या; पण काम मोटारीतून उतरणाऱ्या मुलालाही द्या. किंबहुना केरसुणी प्रथम त्याच्याच हाती द्या, ज्याच्या घरी ती कोणी मालकाने कधी धरली नाही.

हे वाक्य लिहिले आणि माझी लेखणी अडखळली. १९७२ च्या त्या सकाळी मी दाराआड टाकलेला फडा पुन्हा कधी उचलला? आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री केर काढून अलक्ष्मीला बाहेर घालविण्याची रीत आहे. ती केरसुणी आधी आईने धरली, मग पत्नीने, आता सून धरते. मी पन्नास वर्षे पाटावर बसून तिला हळदकुंकू वाहत आलो आणि मुलांना श्रमप्रतिष्ठा शिकवीत आलो. मोसंबीच्या बागेचा अभिमान बाळगणाऱ्या त्या गृहस्थांत आणि माझ्यात अंतर ते काय?

शेजारची मुलगी यंदाही दिवाळीला येणार आहे. तिच्या वडिलांनी परवा बोलताबोलता, तिने ग्रंथालयात काय काय लावून ठेवले ते मला सांगितले. स्वर बराच निवळलेला होता. मी सुनेला सांगून ठेवले आहे, की या वर्षी पूजेनंतर केर मी काढीन. ती हसली, म्हणाली, "मामंजी, तुम्हांला जमेल का?"

जमेल की नाही, कोण जाणे. खोली तीनदा झाडावी लागली तरी चालेल.