विसाव्याचा हिशेब

भाऊबीज झाली की आमच्या गोंदियाकडच्या गावांतून मंडई भरू लागते. माहेरी आलेल्या बहिणी, मिठाईची दुकाने, पोरांचे पिपाणे आणि रात्री दंडार नाहीतर नाटक, असा तो थाट असतो. अशाच एका मंडईच्या दिवशी शेजारच्या मावशी ओसरीवर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मी सहज म्हटले, "मावशी, आज तरी सुट्टी घ्यायची!" हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सुट्टी म्हणजे काय रे बाबा? एक हजार कमी, एवढंच!"

विडीची मजुरी हजारावर मोजतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. मावशींच्या उत्तरात तक्रार नव्हती, होती ती निव्वळ वजाबाकी. पण ती वजाबाकी माझ्या मनातून जाईना. सुट्टी म्हणजे खरोखरच कामातून वजा झालेला दिवस काय?

हा प्रश्न डोक्यात असतानाच मला आठवले ते आमच्या बिरसीचे विमान. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर २०२३ च्या डिसेंबरात हैदराबादहून प्रवासी विमान येऊ लागले, तेव्हा आम्ही पोराबाळांसह कौतुकाने पाहायला गेलो होतो. पंखे फिरवीत उतरणारे ते एटीआर जातीचे विमान. ते जुळवले जाते फ्रान्समधील तुलूझ या शहरी. एअरबस या बलाढ्य कंपनीचे ठाणेही तेथेच. या गावाचा ऑगस्ट महिना मोठा गमतीचा. कारागीर बायकामुलांना घेऊन समुद्राकडे, डोंगराकडे निघून जातात आणि कामाचा वेग मंदावतो. २०२४ साली एअरबसने गिऱ्हाइकांच्या हाती एकूण ७६६ विमाने दिली. त्यांतली ऑगस्टमधली अवघी ४७, आणि एकट्या डिसेंबरातली १२३!

कोणी म्हणेल, "पाहा, चार आठवडे आळस केला की वर्षाअखेरीस अशी धावपळ होते." आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण वर्षाअखेरची धावपळ सुट्टीपेक्षा वहीपायी अधिक असते. ३१ डिसेंबरला आकडा पुरा करण्याचे वचन आधीच देऊन ठेवलेले असते. शिवाय माणसे कामावर हजर असली म्हणजे विमाने निघतातच, असेही नाही. २०२५ च्या मध्याला या कंपनीची सुमारे ६० विमाने बांधून तयार होती, पण इंजिने न मिळाल्यामुळे जागच्या जागी उभी होती. हा खोळंबा काही कोणाच्या समुद्रस्नानाने झाला नव्हता.

उलट घाईचाही हिशेब मांडावा लागतो. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत बोइंग कंपनीच्या एका नव्या विमानाचा, बंद केलेल्या दाराच्या जागचा तुकडा आकाशात निखळून पडला. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. चौकशीत दिसून आले की तो धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात बसवलेलेच नव्हते. मग सरकारने त्या जातीच्या विमानांवर महिन्याला ३८ ची मर्यादा घातली. म्हणजे आकडा कमी करण्याचा हुकूम शेवटी बाहेरून यावा लागला.

तर मग, विसाव्याने काम चांगले होते, म्हणून विसावा द्यावा, असे म्हणून लेख संपवावा काय? मला ते पटत नाही. यंत्राला तेल घालतात तेही याच कारणासाठी. तेवढ्यासाठीच दिलेली सुट्टी ही कामाचीच चाकरी करते. माणूस उद्या अधिक राबेल म्हणून नव्हे, तर तो माणूस आहे म्हणून त्याला विसावा हवा.

मात्र रिकामे असणे आणि विसावा घेणे यांत मोठे अंतर आहे. आमच्या भागात धान निघाले की पुष्कळ बांध्या उन्हाळाभर ओस पडतात. आपण म्हणतो, जमीन विसावली. पण बऱ्याचदा तो पाण्याचा अभाव असतो. पान किंवा तंबाखू आला नाही की मावशींचे सूपही असेच रिकामे राहते. त्या दिवशी त्या बसून असतात खऱ्या, पण तो विसावा नव्हे; तो घोर. उद्याची भाकर शाबूत असताना आज मोकळे होता येणे, हीच सुट्टी.

फ्रान्सच्या कामगारांनाही ही गोष्ट आयती मिळालेली नाही. १९३६ च्या मोठ्या संपानंतर तेथे दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. पुढे त्या दोनाचे तीन, चार आणि १९८२ साली पाच आठवडे झाले. आपल्याकडेही १९६६ च्या विडी कामगार कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा मान्य केली होती. पण कायद्याच्या पुस्तकातली रजा मावशींच्या ओसरीपर्यंत पोहोचली नाही. कारखान्याचे दार लावता येते; ज्या घराचाच कारखाना झाला, त्याचे दार कोणी लावावे?

आणि हे केवळ विडीच्या घराचे नाही. हा अंक हाती घेऊन आपण चकली खात बसला असाल, तर ती तळणाऱ्या हातांना दिवाळीची सुट्टी कोणत्या दिवशी होती, हेही विचारून पाहावे.

त्या रात्री दंडार ऐन रंगात आली असताना मावशी आल्या. हजार पुरे करूनच आल्या होत्या. बायकांच्या घोळक्यात जागा करून बसल्या आणि थोड्याच वेळात खांबाला टेकून त्यांचा डोळा लागला. ढोलकीनेही त्यांना जाग आली नाही. शेजारच्या पोरीने हलवून उठवायला हात पुढे केला, तेव्हा मीच तिला खुणेने थांबवले.