वाद्याचा धर्म

बाग सेवनियात गणपतीच्या आरतीला आम्ही पेटी काढतो, तेव्हा ती परकी आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. युरोपात जन्मलेल्या या वाद्याला सरकारी नभोवाणीने १९४० पासून तीन दशके दूर ठेवले. आमच्या घरांनी कधीच नाही.

नारायण वामन टिळकांपुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा होता. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने नगरकडील मंडळींच्या उपासनेत भजन-कीर्तन रुजवले. पण विलायती चालींना सरावलेल्या कानांना टाळ-मृदंग म्हणजे सोडून आलेल्या देवळाची आठवण. ही हरकत केवळ हट्टाची म्हणता येत नाही. १९०३ मध्ये दहाव्या पायस पोपांनी चर्चमधून पियानो वर्ज्य केला, तेव्हा नाटकी संगीताचीच त्यांना धास्ती होती. (१९६३ च्या व्हॅटिकन परिषदेने पुढे स्थानिक वाद्यांना वाट दिली.)

टिळकांनी ती आठवणच कामी लावली. आजीने ज्या ठेक्यावर विठ्ठल आळवला, त्यावरच नातवाने ख्रिस्त आळवावा, यात आजीची अवहेलना आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मात्र वाद्याने शब्द झाकू नयेत. गेल्या वर्षी आमच्याच मंडपात ध्वनिक्षेपकाने आरती गिळली, आणि पेटीवाल्याने अर्ध्यावरच भाता मिटला.