युद्धास जाणाऱ्याचा हेतु

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं पोलिसांच्या गोळ्यांनीं माथेरानचे वकील भाई कोतवाल व त्यांचे सोबती हिराजी पाटील हे मरण पावले. मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडून सरकारच्या युद्धाच्या उद्योगास खीळ घालावी, असा त्यांच्या दस्त्याचा बेत होता. त्याच वेळीं मराठी मुलखांतील हजारों तरुण खाकी पोशाख घालून सरकारच्या बाजूनें दूरदेशीं लढत होते. आजही शहापूर-मुरबाडकडे चावडीवर हा विषय निघाला कीं, एक म्हणतो, "ते पगारासाठीं गेले", दुसरा म्हणतो, "हे पुढारीपणासाठीं मेले." मंडळींतहि हा वाद शिरतो, आणि एका सतरंजीवर बसणारीं दोन घरें एकमेकांशीं बोलेनाशीं होतात. म्हणून उपदेशकांनीं याचा नीट विचार केला पाहिजे.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत पडला आहे असें जाहीर केलें. मध्यवर्ती कायदेमंडळास त्यांनीं विचारिलें नाहीं. काँग्रेसनें सवाल केला कीं, पोलंडच्या स्वातंत्र्यासाठीं इंग्रज लढत असेल तर आमच्या स्वातंत्र्याचें काय? उत्तर समाधानकारक मिळालें नाहीं, तेव्हां मुंबई इलाख्यांतील खेर मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. विरोधक म्हणाले, ही अडचणींतल्या माणसाशीं केलेली घासाघीस आहे. डॉ. आंबेडकरांनीं नाझी लोकांचा जय म्हणजे सर्व जगावर संकट असें सांगून युद्धास साहाय्य दिलें. ज्या महार लोकांस फौजेचें दार बंद झालें होतें, त्यांची स्वतंत्र पलटण १९४१ सालीं उभी राहिली. त्यांस सरकारचे मिंधे म्हणण्यांत आलें. सावरकरांनीं हिंदु तरुणांस फौजेंत शिरण्यास सांगितलें, तें इंग्रजाच्या प्रेमानें नव्हे, शस्त्रविद्या हातीं यावी म्हणून. कम्युनिस्ट या युद्धास साम्राज्यशाहीचें युद्ध म्हणत होते. २२ जून १९४१ रोजीं हिटलरनें रशियावर स्वारी केली, आणि पुढें तेंच युद्ध लोकयुद्ध झालें.

आमच्या मतें येथें दोन निराळे प्रश्न एकांत मिसळले गेले. गांवांत गरिबाच्या झोंपडीस आग लागली, आणि सावकार कळशी घेऊन धांवत आला. त्याची भाताची उडवी शेजारींच आहे, म्हणून तो आला, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून आग खोटी ठरते काय? नाहीं. पण आग खरी आहे एवढ्यानें त्याच्या गांठोड्यांतील गहाणखत फाटलें, असेंहि होत नाहीं. हिटलरची आग खरी होती, आणि इंग्रजाचें गहाणखतहि खरें होतें. एका पक्षानें गहाणखत दाखवून आग नाहीं असें म्हणावें, दुसऱ्यानें आग दाखवून गहाणखताचें नांव काढूं देऊं नये, यांत सत्याची ओढाताण झाली. १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळांत लाखों माणसें अन्नावांचून मेलीं, त्यांस तर दोन्ही पक्षांचा युक्तिवाद ऐकण्यास वेळच मिळाला नाहीं.

हेतु ओळखावा कसा? शमुवेलासारखा संदेष्टाहि इशायाच्या घरीं उंची व रूप पाहून चुकूं लागला होता. लाभ पालटतांच मत पालटलें तर शंका घ्यावी, असें व्यवहार सांगतो, व तें बहुधा खरें असतें. तरी गांधीजींनीं १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं पायपीट केली आणि १९४० सालीं विनोबांस पुढें करून युद्धाविरुद्ध सत्याग्रह चालविला. हा पालट पैशासाठीं झाला असें त्यांचा शत्रूहि म्हणणार नाहीं. आम्हां ख्रिस्ती लोकांसहि त्या काळीं सरकारचीं माणसें म्हणत. आमच्यापैकीं कित्येकांस शिकविणारे मिशनरी अमेरिकन होते, हें कोण पाहतो!

आणि जो भुकेनें भरती झाला त्याचें काय? आमच्या डोंगराळ भागांत एक भाताचें पीक. तें सावकाराच्या अंगणांत गेलें कीं दरमहाचा पगार म्हणजे मुलांची भाकर. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात. तुम्ही चाकरींत कां शिरलां, असें तो विचारीत नाहीं. जुलमानें कोणाचें कांहीं घेऊं नये व आपल्या वेतनांत संतुष्ट असावें, एवढें तो सांगतो. योहान कोणाची भीड धरणारा नव्हता, हें हेरोदास चांगलें कळलें होतें. तेव्हां या मौनास अर्थ आहे.

परंतु जो स्वतः जात नाहीं, दुसऱ्याच्या मुलास पाठवितो, त्याचा हेतु मात्र खोदून विचारावा. त्याच्याजवळ कागद आहेत, सल्लागार आहेत, आणि मरण त्याच्या दाराशीं नाहीं. १९३९ सालीं ज्यांच्या घरांतून माणसें जावयाचीं होतीं त्यांस कोणी विचारिलें नाहीं. शिपायाच्या नातवानें व सिद्धगडास फूल वाहणाऱ्यानें एकमेकांच्या आजोबांचें मन उकलीत बसण्यापेक्षां, हा प्रश्न दोघांनीं मिळून विचारावा, आणि आपापल्या पक्षाच्या पुढाऱ्यास प्रथम विचारावा.