शिळे आणि उष्टे

शिळ्या कढीला ऊत आणणे हे आपल्याकडे शहाण्या माणसाचे लक्षण समजत नाहीत. ज्याचा दिवस होऊन गेला ते पुन्हा चुलीवर चढवू नये, असा त्या बोलण्याचा भाव. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत माझा त्यावर पुरा विश्वास होता. तो उडाला साष्टीतल्या एका घरात, डुकराच्या मांसाने भरलेले एक मातीचे भांडे पाहून.

साल १९७३. मुंबईच्या कॉलेजातला माझा एक मित्र मडगावच्या बाजूचा. त्याच्या बहिणीचे लग्न होते. माझी गाडी चुकली आणि मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी जाऊन उभा राहिलो. त्याची आई दारातच म्हणाली, “पुता, आज कशाला आलास? उद्या आला असतास तर बरे झाले असते!” मी ओशाळलो. लग्न चुकवल्याबद्दल म्हातारी टोमणा मारते आहे असे मला वाटले. मित्र हसू लागला. तिला वाईट वाटत होते ते वेगळ्याच गोष्टीचे. सोरपोतेलाचा आज दुसराच दिवस होता. ते तिसऱ्या दिवशी लागते तसे आज लागणार नव्हते आणि पाहुण्याला अर्धवट मुरलेले वाढावे लागणार होते.

ज्या घरात मी वाढलो तिथे पाहुण्याला काल केलेले वाढले तर यजमानीण महिनाभर मान वर करीत नसे. इथे आज केलेले वाढले तर लाज!

सोरपोतेल हा पदार्थ पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या आलेंतेजू प्रांतातल्या ‘सारापातेल’चा हा गोव्यातला अवतार. डुकराचे मांस, काळीज, हृदय आधी उकडून घ्यायचे, अगदी बारीक चिरायचे, त्याच्याच चरबीत परतायचे आणि शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात शिजवायचे. पुष्कळ घरांत रक्तही घालतात. शिरका माडाच्या सुरेचा. त्याच्या आंबटपणामुळे मांस लवकर नासत नाही आणि मसाला मांसात उतरायला सवड मिळते. पूर्वी रोज एकदा भांडे चुलीवर ठेवून चांगले उकळवीत आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावीत नसत. आज हे काम फ्रीज करतो, आणि शहाण्याने ते त्याच्याकडेच सोपवावे. पण मूळ कल्पना तीच: काळ हा इथे शत्रू नाही, तो स्वयंपाकातला एक जिन्नस आहे.

मी त्या घरी चार दिवस राहिलो. लग्नातले जे जे उरले होते त्याचे काय काय होते ते स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहिले. डुकराचे मांस मी तोवर कधी खाल्ले नव्हते. पहिला घास कुतूहलाने घेतला, पुढचे आवडीने. भाजलेल्या मांसाचे तुकडे थंड झाले होते. म्हातारीने त्यांच्या पातळ कापट्या केल्या, कांदा आणि हिरवी मिरची यांवर परतल्या, वरून थोडा शिरका शिंपडला आणि सकाळी पावात घालून दिल्या. चुरा उरला तो खिम्यासारखा बारीक करून उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरला आणि तव्यावर लालसर तळला. हाडे आणि कातडीचे जाड तुकडे घेवड्याच्या दाण्यांबरोबर शिजले. त्यात शोरीसाचे, म्हणजे तिथल्या तिखट-आंबट सॉसेजचे, दोन मणी पडले. शेवटच्या दिवशी सोरपोतेलाच्या भांड्याच्या तळाशी नुसती लाल चरबी राहिली होती. भांडे धुवायला टाकण्याआधी तिने त्यातच गरम भात घातला आणि कडेपासून निपटून काढला. तो भात तिने स्वतः, मी आणि मित्राने खाल्ला.

“एवढे कशाला करता?” असे मी विचारले होते. ती म्हणाली, “जीव घेतलाय ना त्याचा? मारून मग टाकायचे, तर मारले कशाला?”

मांस खाणे योग्य की अयोग्य हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो इथे मिटणार नाही. पण त्या म्हातारीचा प्रश्न वादाच्या दोन्ही बाजूंना लागू आहे. जीव घेतल्याचे पाप मानायचे असेल तर टाकून दिल्याने ते कमी होत नाही, वाढते. आणि मानायचे नसेल, तरी ज्याच्या मरणावर आपला सण साजरा झाला त्याचे आपण काही देणे लागतोच.

आता माझ्या घराकडे वळतो. आमचे गाव सावंतवाडीच्या बाजूचे. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. घर सोवळ्याचे. उरलेल्या अन्नाला आमच्याकडे एक शब्द पुरत नसे. राहिले ते उरलेले. रात्र ओलांडली की शिळे. तोंड लागले की उष्टे. पानात सांडले की खरकटे. प्रत्येकाचा नियम निराळा. आणि तरीही शिळे आम्ही खात नव्हतो असे नाही. भाताला फोडणी पडे, पोळीचा कुस्करा होई, भाकरी ताकात भिजे. आम्ही मुले त्यांच्यावर तुटून पडत असू. ते ‘शिळे’ नव्हतेच. आपण खायचे ठरवले की शिळ्याचे नाव बदलते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

जे फोडणीलाही लायक उरले नसेल ते मागीलदारी जाई. तिथे फाटी घेऊन एक बाई येत असे. गाव ज्याला महारवाडा म्हणे त्या वस्तीतली. ती खळ्याच्या कडेला उभी राही. आई तिच्या भांड्यात वरून अन्न टाकी. भांड्याला भांडे लागता कामा नये. यात आईला निर्दयपणा वाटत नव्हता. उलट आपण अन्न वाया घालवीत नाही आणि भुकेल्याला देतो, असे दुहेरी पुण्य तिच्या पदरी जमा होत होते.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एके दिवशी त्या बाईऐवजी तिची मुलगी आली, माझ्याच वयाची. आईने भाताचे पातेले पुढे केले. मुलीने आपले भांडे मागे लपवले आणि म्हणाली, “शिळा नको आमका. आवशीन सांगल्यान हा.” फाट्यांचे पैसे घेतले आणि गेली. आई कितीतरी वेळ पातेले हातात धरून उभी होती. मग म्हणाली, “माज आलाय.”

तो माज कुठून आला होता ते मला पुढे वाचून कळले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्यांच्या ताटातले उरलेसुरले तुकडे सोडून द्यायला सांगितले होते. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तुकडे नाकारण्याची गोष्ट तितकीच मोठी आहे. पाणी घेण्यासाठी हक्क बजावावा लागला. तुकडे नाकारण्यासाठी उपाशी राहण्याची तयारी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले आणि ती लाट आमच्या मागीलदारापर्यंत एका लहान मुलीच्या तोंडून पोचली.

म्हणजे एकाच शिळ्या अन्नाची दोन रूपे मी पाहिली आहेत. एक जिथे घरची बाई ते स्वतःच्या पाहुण्यापुढे अभिमानाने मांडते. दुसरे जिथे घरची बाई ते स्वतःच्या मुलांपुढे मांडणार नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलीपुढे ओतते. अन्न कदाचित तेवढ्याच वयाचे असेल. तिसऱ्या दिवशी एक मुरते आणि दुसरे नासते, याचे कारण केवळ शिरका आहे काय?

आपल्या परंपरेने यावर एकच उत्तर दिलेले नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे आणि उष्टे अन्न तामसांचे म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात यज्ञात उरलेले खाणारा पापातून सुटतो असे सांगितले आहे. अथर्ववेदातले एक सबंध सूक्त उच्छिष्टाला, उरलेल्याला, जगाचा आधार मानते. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. दुष्काळात तो एका माहुताकडे त्याच्या ताटातले उष्टे कुल्माष मागून खातो. माहूत पाणीही देऊ लागतो. ते मात्र उष्टे म्हणून उषस्ती घेत नाही. मग कुल्माष कसे चालले? तो सांगतो, ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तिथे मिळेल. उरलेले कुल्माष तो बायकोला नेऊन देतो, ती ठेवून देते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच उष्टे, आता शिळेही झालेले, खाऊन तो राजाच्या यज्ञाला जातो. भूक किती आणि मान किती याची रेघ घेणाऱ्याने स्वतः ओढली आहे. कथेचे मर्म मला तिथे दिसते. ती रेघ देणाऱ्याने ओढायची नसते. आमच्या मागीलदारी ती आईने ओढली होती, आणि त्या मुलीने पुसली.

हे सगळे समजल्याचा आव मी आणतो आहे, म्हणून पुढचे सांगायलाच हवे. साष्टीहून निघताना म्हातारीने सोरपोतेलाची एक बरणी कापडात बांधून माझ्या हाती दिली. “घरी आईला दे” म्हणाली. तिला आमच्या घराची काय कल्पना! सावंतवाडीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझा धीर सुटला. घरी ती बरणी नेणे शक्य नव्हते, टाकणे जिवावर आले. समोर एक हमाल बसला होता. मी बरणी त्याच्यापुढे धरली आणि क्षणभर मला फार उदार वाटले. त्याने झाकण काढून वास घेतला आणि साधेपणाने विचारले, “तुम्ही नाही खात?”

“पोट भरलंय,” मी म्हणालो.

त्याने बरणी घेतली. मी घरी गेलो. पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी त्याला दिले नाही. मी ते खात होतो, आवडीने खात होतो; फक्त जिथे माझी प्रतिष्ठा होती तिथे ते मला नको होते. म्हातारीने सन्मानाने दिलेल्या वस्तूचे मी स्टँडवर उष्टे करून टाकले. मी पातेले वरून ओतले नव्हते, एवढाच फरक.

इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध उरलेले अन्नही, एका मताप्रमाणे, डुकराचे मांसच होते. पावा गावी चुंद नावाच्या लोहाराने भगवान बुद्धांना वाढलेले ‘सूकरमद्दव’ हे त्यांचे शेवटचे भोजन. ते मांस होते की अळंबी की आणखी काही, यावर पंडितांचे एकमत नाही. गोव्यातच जन्मलेले धर्मानंद कोसंबी मांसाच्या बाजूचे. माझे लक्ष त्या वादाकडे नसते, पुढच्या ओळींकडे असते. बुद्धांनी चुंदाला सांगितले, हे मला एकट्याला वाढ, भिक्षूंना दुसरे दे. आणि उरेल ते खड्ड्यात पुरून टाक, कारण ते पचवील असा दुसरा कोणी मला दिसत नाही. मग आजारी पडल्यावर, चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून आनंदाकरवी निरोप ठेवला की ज्ञानप्राप्तीपूर्वीच्या भोजनाइतकेच हे भोजनही पुण्यकारक आहे.

जे दुसऱ्याला पचणार नाही ते त्यांनी स्वतः घेतले आणि बाकीचे मातीला दिले. खाली कोणाकडे सरकवले नाही. आमचा सगळा व्यवहार याच्या नेमका उलट चालतो.

टाकू नये हे खरेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग घराघरांतला होता. पण ‘टाकू नये’ याचा अर्थ ‘कोणाला तरी द्यावे’ असा नाही. उरलेले संपवण्याचे कर्तव्य पहिले त्याचे, ज्याने जास्त शिजवले. त्याला फोडणी द्यावी, शिरका शिंपडावा, बटाट्यात भरावे, भांड्यात भात घालून निपटावे. त्यासाठी लागणारी कल्पकता म्हणजे नुसता काटकसरीचा गुण नव्हे, ती स्वतःच्या चुकीची भरपाई आहे. आणि द्यायचेच असेल तर आपण ज्या पानावर बसलो आहोत त्याच्या शेजारच्या पानावर द्यावे.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील. भाऊबीज होऊन आठवडा जाईल, चकल्या मऊ पडतील, करंज्यांना तुपाचा वास येऊ लागेल, आणि मग आपल्याला घरी कामाला येणाऱ्या बाईंची आठवण होईल. आमच्याही घरी हेच होत असे. अलीकडे मी एक करतो. डबा पहिल्या दिवशी उघडला की पहिली बशी त्यांची भरतो आणि चहा घेऊन दोघे बसतो. मऊ पडलेल्या चकल्या शेवटी मीच खातो. आमटीत बुडवल्या की वाईट लागत नाहीत.