विमानतळ : पंचविसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

*गुरुवारचे चिंतन*



यंदा इंदूर केंद्रातून काशीयात्रेला निघणाऱ्या मंडळींपैकी बरेच जण पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. बडोदा, ग्वाल्हेर आणि बेळगावच्या केंद्रांतूनही काही जण येऊन मिळणार आहेत. गेले पंधरा दिवस ग्रुपवर एकच विषय चाललाय. बॅगेत काय न्यायचं, किती वाजता पोचायचं, आधार कार्डाची झेरॉक्स चालेल का, चपला काढायला लावतात का. म्हटलं, आजचं चिंतन यावरच करू. माहितीची माहिती होईल आणि त्यातून दोन गोष्टी स्वतःकडे बघण्यासारख्याही निघतील.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजाचा संवाद आहे. राजाने विचारलं, महाराज, तुम्ही इतके निश्चिंत कसे? अवधूतांनी आपले २४ गुरू मोजून दाखवले. पृथ्वी, वारा, समुद्र, मधमाशी, अजगर, बाण करणारा कारागीर, लहान मूल, बांगड्या घातलेली मुलगी. यांतल्या एकानेही त्यांना समोर बसवून उपदेश केला नव्हता. शिकणारा तयार होता, म्हणून सगळे गुरू झाले. आपणही तयार असलो तर विमानतळाला पंचविसावा गुरू म्हणायला हरकत नाही.

*पहिला धडा : नाव*

विमानतळाच्या दारातच सीआयएसएफचे जवान उभे असतात. तिकीट आणि मूळ ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. आधार, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट यांपैकी कुठलंही एक चालतं. नुसत्या झेरॉक्सच्या भरवशावर जाऊ नका. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं. आपल्याकडच्या बायकांचा इथेच घोळ होतो. आधारावर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं, आणि घरात हाक मारायचं नाव तिसरंच. तिकीट मुलाने काढलेलं असतं आणि त्याने आईचं नाव आठवेल तसं टाकलेलं असतं. म्हणून आजच तिकीट आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर आताच दुरुस्त करून घ्या, दारात उभं राहून ते होत नाही.

दारातला जवान आपली गादी, हुद्दा, घराणं विचारत नाही. केंद्रात आपण कितीही वर्षांचे सेवेकरी असलो तरी तिथे आपण म्हणजे एक नाव आणि एक फोटो. काहींना हे लागतं. 'मला ओळखलं नाही का?' हा प्रश्न ओठावर येतो. तो तिथेच गिळावा. मोठेपणा बाजूला ठेवायची सवय व्हावी म्हणूनच तर आपण यात्रेला निघतो.

*दुसरा धडा : वजन*

आत गेल्यावर आपल्या विमान कंपनीच्या काउंटरवर जायचं. मोठी बॅग तिथे वजन करून आत घेतात, तिला चेक-इनची बॅग म्हणतात. देशातल्या प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो नेऊ देतात आणि हातातली पिशवी ७ किलोपर्यंत. तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. त्यापेक्षा जास्त झालं की किलोमागे पैसे भरावे लागतात. बॅग घेतल्यावर ते एक छोटा चिकट कागद देतात, तो जपून ठेवा. उतरल्यावर बॅग मिळाली नाही तर तोच पुरावा.

आता यात्रेकरूंच्या खास वस्तू. कापूर, काडेपेटी, लायटर कुठल्याच बॅगेत ठेवायचे नाहीत. सुकं खोबरंही नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे. नारळ हातातल्या पिशवीत चालत नाही, तेव्हा देवाचा नारळ देवापाशीच वाढवावा आणि प्रसाद तिथेच वाटावा. सुरी, कात्री, अडकित्ता हातात ठेवू नये, मोठ्या बॅगेत टाकावा. लोणचं, तेल, तूपही हातात नको. गंगाजलाचा गडू नीट झाळून, कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावा आणि काउंटरवर तसं सांगावं. पॉवर बँकेचं मात्र उलटं आहे, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच हवी. रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, डॉक्टरची चिठ्ठी, चष्मा, दागिने आणि पैसे नेहमी हातातल्या पिशवीत. मोठी बॅग एखादे वेळी मागे राहिली तरी रात्रीची गोळी चुकता कामा नये.

अवधूतांची मधमाशी इथे आठवते. गरजेपुरतं घेणारी सुखाने उडते, साठवणारी साठ्यासकट जाते. वजनकाट्यावर बॅग १९ किलो भरली की आपण तिथेच जमिनीवर बॅग उघडून बसतो. चार साड्या काढायच्या की डबा काढायचा यावर नवरा-बायकोत बोलाबोली होते. मागे रांग खोळंबते. काटा मात्र कुणावर रागावत नाही आणि कुणाला सूटही देत नाही. ही बॅग घरीच उघडून बसलो असतो तर? घरच्या काट्यावर वजन करून बघा. 'असू दे, लागेल' म्हणून जे भरलं, ते गेल्या यात्रेत किती लागलं होतं तेही आठवा.

दुसऱ्याची पिशवी हातात घेऊ नका, हेही यातच आलं. 'काकू, एवढं माझं पाकीट तुमच्या बॅगेत ठेवता का?' असं कुणी अनोळखी माणसाने कितीही गोड बोलून विचारलं तरी हात जोडून नाही म्हणायचं. आपल्याला वाटतं, नाही म्हणणं म्हणजे निष्ठुरपणा. तसं नाही. दया विवेकाशिवाय एकटी निघाली की रस्ता चुकते.

*तिसरा धडा : बांगड्या*

पुढे सुरक्षा तपासणी. पिशवी, मोबाईल, पाकीट, घड्याळ, पट्टा ट्रेमध्ये ठेवायचा, ट्रे यंत्रातून जातो आणि आपण चौकटीतून. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. मंगळसूत्राची काळजी करू नका, त्या सांगतील तेवढंच करायचं. कुणाला पेसमेकर असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगा. यंत्र वाजलं म्हणजे आपण चोर ठरलो असं नाही, यंत्राला धातू लागला इतकंच. पलीकडे गेल्यावर आपला ट्रे पूर्ण रिकामा झाला का ते बघा. घाबरलेला माणूस मोबाईल तिथेच विसरतो.

अवधूतांच्या गोष्टीतली मुलगी घरी एकटी होती. पाहुणे आलेले, आणि ती आत साळी कांडत होती. बांगड्या वाजू लागल्या. घरची गरिबी बाहेर ऐकू जाईल म्हणून तिने एकेक बांगडी उतरवली. हातात एकच उरली तेव्हा आवाज थांबला. तपासणीच्या रांगेत आपला आवाज कशाचा असतो? बहुतेक वेळा जिभेचा. इथे बॉम्ब, बंदूक असल्या शब्दांची थट्टाही करायची नाही. हसत हसत बोललेल्या एका वाक्यावरून पोलीस चौकशी होते आणि विमान चुकतं. वाणीचा संयम आपण पोथीत वाचतो, तो इथे प्रत्यक्ष पाळावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जरा कडू लागेल. विमानतळाच्या रांगेत आपण अर्धा तास मुकाट उभे राहतो. धक्का नाही, मध्ये घुसणं नाही. मग उत्सवात दर्शनाच्या रांगेत आपलं काय होतं? तिथे ओळख काढतो, बाजूच्या दाराने शिरतो, समोरच्या म्हाताऱ्याला कोपर लागलं तरी बघत नाही. जवानापुढे शिस्त आणि देवापुढे धक्काबुक्की, याचा अर्थ काय, ते प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

*चौथा धडा : वेळ*

समजा विमान ११ वाजता आहे. नवखा माणूस म्हणतो, पावणेअकराला पोचू, गाडीसारखं चढू. तसं चालत नाही. ९ वाजता विमानतळावर हवं. काउंटर बहुतेक कंपन्या एक तास आधी, म्हणजे १० ला बंद करतात. विमानात चढण्याचं दार, ज्याला गेट म्हणतात, ते साधारण २०–२५ मिनिटं आधी बंद होतं. विमान समोर काचेतून दिसत असतं, तरी दार उघडत नाही. बोर्डिंग पासवर दोन वेळा असतात, एक चढण्याची आणि एक उडण्याची. आपली वेळ चढण्याची.

कुठल्या विमानतळावर जायचं तेही आधी नीट वाचा. गोव्याच्या मंडळींना हे विशेष सांगणं. दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपा, असे आता दोन विमानतळ आहेत. तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून रिक्षा सांगितली तर वेळ हातची जाते.

आणि हे नीट लक्षात घ्या. मुंबईसारख्या अनेक विमानतळांवर आता गेटवर चढायची सूचना मोठ्याने देत नाहीत. कुणी हाक मारणार नाही. फलकावर आपल्या विमानाचा क्रमांक आणि गेट बघत राहायचं, कारण गेट बदलूही शकतं. अवधूतांचा बाण करणारा कारागीर आठवा. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याचं लक्ष बाणावरून हललं नाही. विमानतळावर दुकानं आहेत, दिवे आहेत, चहा महाग असला तरी आहे. फिरा, बघा. पण एक डोळा फलकावर ठेवा. बोलावणं नेहमी आवाज करून येतं असं नाही, हे आपण नामस्मरणाच्या बाबतीतही जाणतो.

*पाचवा धडा : विचारणं*

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

यात्रेच्या यादीतून एका मावशींनी परवा नाव काढून घेतलं. कारण दिलं गुडघ्यांचं. नंतर कळलं, गुडघे निमित्त होते. घरात त्यांनी दोनदा विचारलं होतं, बोर्डिंग पास म्हणजे काय, तो कुठे मिळतो. नातू हसला. सून म्हणाली, 'आई, तुम्हाला नाही जमणार ते, राहू द्या.' कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ज्या बाईने चाळीस वर्षं काशी मनात धरून ठेवली, तिने त्या एका हसण्यापायी ती सोडून दिली.

घरातल्या तरुणांनो, हे तुमच्यासाठी आहे. तुमचं पहिलं पाऊल डळमळलं तेव्हा ती हसली नव्हती, तिने बोट दिलं होतं. तुम्ही आईचं तिकीट काढून मोबाईलवर पाठवता आणि कर्तव्य झालं असं समजता. तिच्याजवळ बसा. तिकिटाची कागदावर प्रत काढा. कागदावर मोठ्या अक्षरांत क्रम लिहून द्या : दार, काउंटर, तपासणी, गेट, आसन. वेब चेक-इन तुम्हीच करून द्या. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आणि ज्येष्ठांनो, हे तुमच्यासाठी. हसणाऱ्याचा दोष आहेच, पण थोडी आपलीही अडचण आहे. 'या वयात मी कुणाला विचारू?' हा अहंकारच आहे, फक्त त्याने भीतीची शाल पांघरली आहे. अवधूतांच्या गुरूंमध्ये लहान मूल आहे ते का? त्याला मान नाही, अपमान नाही. कळलं नाही की ते विचारतं. आपण गुरूंच्या दारात गेलो तेव्हाही 'मला कळत नाही' एवढंच घेऊन गेलो होतो ना? मग काउंटरवरच्या मुलीला 'बाळ, मी पहिल्यांदाच आलेय, पुढे कुठे जाऊ?' एवढं म्हणायला लाज कसली? ती दिवसातून कितीदा तरी हे सांगत असते. विमानात पट्टा लावता आला नाही तर शेजारच्याला सांगा. चढताना-उतरताना कान दडतात, तेव्हा आवंढा गिळा किंवा जांभई द्या, मोकळे होतात.

इंदूरकरांना वेगळं सांगायला नको की आपण ज्या विमानतळावरून निघणार तो देवी अहिल्याबाईंच्या नावाचा आहे आणि काशीचं आजचं विश्वनाथ मंदिर त्यांनीच १७८० च्या सुमारास उभं केलं. त्यांच्या नावाच्या दारातून निघून त्यांनी बांधलेल्या दारात जायचं, आणि मध्ये अडवणार कोण? एक न विचारलेला प्रश्न?

*या आठवड्याचा संकल्प*

प्रत्येक घरातल्या एका तरुणाने घरातल्या मोठ्यांजवळ पंधरा मिनिटं बसून हे सगळं शांतपणे समजावून सांगायचं, हसायचं नाही. प्रत्येक ज्येष्ठाने न कळलेली एक गोष्ट मोकळेपणाने विचारायची. ज्या मावशींनी नाव काढलंय, त्यांची जागा केंद्राने अजून कुणाला दिलेली नाही. त्यांच्या घरच्यांनी हे वाचलं असेल तर आज संध्याकाळच्या आरतीआधी त्यांच्याजवळ जाऊन बसावं. पुढे काय बोलायचं ते सांगायची गरज नाही.

सद्गुरूंची कृपा सर्वांवर राहो. यात्रा सुखरूप होवो.

॥ श्रीगुरुचरणी समर्पित ॥ 🙏